प्लेट झाकायची नाही

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी नोकरदार. आबांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "बघू किती टिकतीय." फौजेतनं सुभेदार होऊन आलेला माणूस, अभिनंदन पण पहाऱ्यावर उभं केल्यासारखं करतो. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं याचा राग अजून गेला नाही त्यांचा. विभागप्रमुख सगळ्या वर्गासमोर म्हणाले, तुझी जागा उसाच्या फडात. मी हातातला मीटर टेबलावर आपटला आणि बाहेर पडलो. माफी माग म्हणाले होते. आज विचारलं तरी मागणार नाही.

त्याच कॉलेजातले जवाहर सर मात्र मला विसरले नाहीत. आता त्यांची सांगलीत सोलरची प्रयोगशाळा आहे. साताऱ्यात कोरेगाव रस्त्याच्या वर, माळावर, एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजच्या आवारात त्यांनी लोखंडी स्टँड उभा केलाय. त्यावर वहीच्या पानाएवढ्या चार प्लेटा. मी त्या सांभाळायच्या आणि रोज अकराला मोजायच्या. तशाच चार सांगलीत, प्रयोगशाळेच्या गच्चीवर. तिथं आपोआप नोंद करणारं यंत्र आहे. साताऱ्याला मी आहे.

काम शिकवायला सांगलीहून ब्राह्मी मॅडम आल्या होत्या. संशोधन त्यांचंच, तीन वर्षांचं.

"दोन थर आहेत बघ, ऋषिराज. खालचा सिलिकॉनचा, लोकांच्या घरावर असतो तोच. वरचा नवीन, पेरोव्हस्काइटचा, केसाहून कितीतरी पातळ. वरचा निळं-हिरवं ऊन पकडतो, त्याच्यातनं सुटलेलं तांबडं खालचा पकडतो. घरावरची प्लेट शंभरातलं वीस-बावीस ऊन कामाला लावते, ही अठ्ठावीस."

"मग बाजारात का नाही आणत?"

"वरचा थर उन्हात टिकत नाही."

"सोलर प्लेट आणि उन्हात टिकत नाही?"

मी हसलो. त्या पण हसल्या. मग बोट वर करून म्हणाल्या, "म्हणून तर तुला बसवलाय इथं. प्लेट झाकायची नाही, पुसायची नाही, धुवायची नाही. ऊन, वारा, धूळ, काय व्हायचं ते होऊ दे. फक्त मोजायची."

हसताना त्या एका बाजूला मान टाकतात. हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

१३ फेब्रुवारी

पुढच्या पानांवर मॅडम-बिडम लिहिणार नाही. वही माझी आहे. ब्राह्मी.

सांगलीत तिच्या वडिलांची, अप्पांची, हळदीची पेढी आहे. प्लेटा उन्हाळ्यापर्यंत टिकल्या तर पुण्याची एक कंपनी पुढचं मोठं काम देणार. नाही टिकल्या तर प्रकल्प बंद. "मग मी आहे आणि अप्पांची पेढी आहे, हळकुंडं मोजत बसायचं," असं ती फोनवर म्हणाली. हसत म्हणाली, पण मला ते हसणं आवडलं नाही.

अकराला मोजतो, आकडा पाठवतो. तिचं "ओके" येतं. सयाजी, माझा खोलीतला जोडीदार, विट्याचा, तो म्हणाला, "ओके वाचून एवढा लाल होणारा माणूस पहिल्यांदाच बघितला."

२० फेब्रुवारी

आकडा पडतोय. अठ्ठावीसचे सत्तावीस, आज सव्वापंचवीस. सांगलीत त्याहून खाली. ओके यायचं बंद झालंय. नुसत्या दोन निळ्या खुणा.

फोन केला. म्हणाली, "पडणारच होतं थोडं. एवढ्या लवकर पडेल असं वाटलं नव्हतं." आवाज बसलेला होता. रडली असणार. मी इथं स्टँडशेजारी हात बांधून बसायचं आणि तिकडं तिची तीन वर्षं रोज अकराला थोडी थोडी मरणार, ही कसली नोकरी?

आकाराम तात्या इथले वॉचमन. त्यांना म्हटलं, "तात्या, प्लेटा मरायला लागल्यात."

"उनात ठेवल्या म्हंजी मरणारच की. मला तर कवापास्नं वाटतंय, सावलीत ठेवा म्हणून."

म्हातारा काही चुकीचं बोलत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

कराडजवळ, मलकापूरला घरी आलोय. आई रोपवाटिकेत. उसाची कोवळी रोपं ट्रेमध्ये, लाखभर असतील. ऊन चढलं की आई वरची हिरवी शेडनेट ओढून घेते, चारच्या पुढं उन्हं उतरली की मागं सारते. लहानपणापासून बघतोय. आज पहिल्यांदा नीट बघितलं.

"आये, न्हाई झाकलं तर?"

"करपत्यात की. मोठी झाल्यावर सोसत्यात, लहान हाईत तवर आपण सोसायचं."

कोपऱ्यात जुन्या जाळीचा तुकडा पडला होता. गाडीला बांधून आणला.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुरू केलं. अकराला मोजतो, आकडा पाठवतो, मग जाळी टाकतो. दुहेरी घडी. उन्हं उतरली की काढतो. आकड्यात कसलीही लबाडी नाही, जो येतो तोच पाठवतो. शेजारच्या खांबावर ऊन मोजणारा घुमट आहे, त्याला हात लावत नाही.

ती म्हणाली होती झाकायची नाही, हे लक्षात आहे. पण ती शाळा-कॉलेजातली पोरगी. कोवळ्या मालाची निगा काय असते ते आमच्या घरात माहीत आहे.

८ मार्च

पडायचं थांबलं! सांगली तेवीसला गेली. माझ्या प्लेटा पंचवीसवर उभ्या.

तिचा फोन आला, मी न करता. "ऋषिराज, तू बरोबर मोजतोयस ना रे?" म्हटलं परत मोजून फोटो पाठवतो. पाठवला. परत फोन. "खरंच की! अरे, सेल तेच, ऊन जवळपास तेवढंच. मग इथं पडतंय आणि तिथं नाही, का?" बराच वेळ बोलली. मी नुसता हं हं करत होतो. तिचा श्वास ऐकू येत होता.

सयाजी जाळी बघायला आला होता. म्हणाला, "माझा चुलता कोचीनला सोनं गाळतो गड्या. त्याला सुद्धा मालाला एवढं जपताना बघितलं न्हाई. पोरीला सांगितलंस का?"

"वेळ आली की सांगणार."

"आन् पोरगी म्हणाली, कुणी सांगितलं होतं रं तुला, मग?"

त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. हसत गेला.

१४ मार्च, धुळवड

तात्यांच्या नातवंडांनी आवारात रंग खेळायचा घाट घातला होता. स्टँडच्या आसपास दिसलात तर तंगडी तोडीन म्हटलं. आकडा पंचवीस पूर्णांक चार. चढलाय.

३० मार्च, गुढीपाडवा

सव्वीस. मेलेली वस्तू परत उठली. सांगलीवाली आता बावीसच्या खाली.

तिने एक कल्पना काढलीय. सातारची हवा. इथं उंची जास्त, वारा वाहता, प्लेट थंड राहत असणार, म्हणून वरचा थर स्वतःला दुरुस्त करून घेत असणार. पुण्याच्या कंपनीपुढं हेच मांडायचं ठरलंय. जवाहर सरांनी मला फोन करून "शाब्बास" म्हटलं. कॉलेजात तीन वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

सातारची हवा! ऐकून मला जाम हसू येत होतं. हवा-बिवा काही नाही, बाई, मी आहे. पण अजून सांगत नाही. तिने इथं यावं, डोळ्यांनी बघावं.

११ एप्रिल, शुक्रवार

आली.

काल महावीर जयंतीची सुट्टी, आज जोडून रजा, म्हणून न कळवता आली. पुण्याच्या लोकांना दाखवायला स्टँडचे फोटो हवे होते. एकटीच गाडी चालवत. अंगात हळदी रंगाचा कुर्ता. बाराच्या पुढची वेळ, जाळी टाकलेली. मी मुद्दाम काढली नाही. हीच ती वेळ असं वाटलं.

"हे काय?"

"शेडनेट."

"ते दिसतंय. इथं कशाला?"

"अशाच टिकल्या व्हय मॅडम त्या? आमच्या रोपांना टाकतो तशी टाकली. मोजायच्या वेळी काढतो. मोजणीत फसवलेलं नाही."

"कधीपासून?"

"महाशिवरात्रीपासून. एका दिवसाचाही खाडा नाही."

ती स्टँडच्या चौथऱ्यावर बसली. ऊन लागलं असेल म्हणून पाणी आणलं. घेतलं नाही. मग म्हणाली, "रोज? अकरा ते चार?" मी होय म्हटलं. ती एकदम हसली आणि डोळ्यात पाणी आलं. तोंड फिरवून रुमालाने पुसलं.

म्हटलं, "तुमच्यासाठी केलं. दुसऱ्या कुणासाठी केलं नसतं." एवढं बोलायला मला दोन महिने लागले.

ती म्हणाली, "उद्यापासून झाकू नकोस. काही करू नकोस. आकडा पण नको पाठवू." रागावली नाही. एक शब्द वाकडा नाही. जाताना जाळी स्वतःच्या हाताने घडी करून गाडीत मागं ठेवली.

जाळी नेली तिने! काय करणार आहे त्या फाटक्या जाळीचं? आठवण म्हणून नेली असणार. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

१५ एप्रिल

फोन उचलत नाही. घरी काही बोलली असेल का? ते जैन, आम्ही मराठा, पेढीवाले अप्पा एवढ्या सहज ऐकायचे नाहीत. त्याचा विचार करत असेल. वेळ द्यायला पाहिजे.

आज सरांचा निरोप. गुरुवारी सांगलीला ये. पुण्याचे दोघं येणार आहेत.

१७ एप्रिल, गुरुवार

जमेल तसं लिहितो.

मोठं टेबल. सर, पुण्याचे दोन साहेब, ब्राह्मी. आणि टेबलाच्या मधोमध माझी जाळी. घडी घातलेली, प्लास्टिकच्या पिशवीत. पोलीस ठाण्यात चोरीचा माल ठेवतात तशी.

सर म्हणाले, "ऋषिराज, घाबरू नकोस. ही जाळी प्लेटांवर किती दिवस होती?"

मी ब्राह्मीकडं बघितलं. चेहरा पांढराफटक. मला एका क्षणात कळलं, ही सापडलीय. तिची तीन वर्षं, पुढचं मोठं काम, सगळं माझ्या तोंडातनं निघणाऱ्या एका वाक्यावर आहे. मग मी मागंपुढं बघितलं नाही.

"एकच दिवस, सर. परवा मॅडम आल्या त्या दिवशी. वारा सुटला होता, कचरा उडत होता म्हणून टाकली."

"आधी कधीच नाही?"

"आईशप्पथ."

आईची शपथ घेतली मी. तिच्यासाठी.

सरांनी श्वास सोडला. मोठे साहेब म्हणाले, "मग तेवढा एक दिवस वगळा. अडचण काय आहे?" सर पण मान हलवायला लागले. झालंच होतं. सगळं मिटलंच होतं.

आणि ब्राह्मी उभी राहिली.

"सर, तो खोटं बोलतोय. फेब्रुवारीच्या शेवटापासून रोज झाकत होता. त्याने मला स्वतः सांगितलंय. सातारच्या हवेचं मी जे लिहिलंय ते सगळं मागं घेते. आणि दोन महिन्यांत मी एकदाही तिथं जाऊन बघितलं नाही. ती चूक माझी आहे, त्याची नाही. तसं लिहून देते मी."

पुढचं काही मला ऐकू आलं नाही. खोटं बोलतोय. बोट माझ्याकडं. माळावर तिला एकटीला जे सांगितलं, ते चार लोकांत टेबलावर ओतलं तिने, त्या जाळीसारखं.

खुर्ची लाथेने उडाली. म्हटलं, "कुणासाठी केलं मी हे? कुणासाठी शपथ घेतली?"

ती म्हणाली, "माझ्यासाठी नाही केलंस. मला विचारलं होतंस का?"

मोठ्याने पण नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

आवाराची किल्ली टेबलावर फेकली आणि निघालो. सांगली स्टँडवर एसटी सुटेपर्यंत मागं बघत होतो, कुणी बोलवायला येतंय का. आलं नाही.

१८ एप्रिल

बेइमान.

२० एप्रिल

सरांचा फोन आला होता. तिने जो कागद लिहून दिलाय त्यात माझं नावच नाही म्हणे. "देखरेखीत माझी चूक झाली" एवढंच. सर म्हणाले, "तुझ्यावर काही आलेलं नाही, तिने येऊ दिलं नाही. दुसरीकडं कुठं कामाला लागायचं असेल तर मी चिठ्ठी देईन."

नावसुद्धा नाही! दोन महिने उन्हात मी उभा होतो, जाळी मी टाकली, आकडा मी चढवला, आणि कागदावर मी कुठंच नाही. निदान शिवी म्हणून तरी लिहायचं. एवढंही मोजलं नाही तिने मला.

२५ एप्रिल, मलकापूर

खोली सोडली. सयाजी सामान बांधायला मदत करत होता. गाठ मारता मारता म्हणाला, "खरं सांगू का? मी पन तिच्या जागी असतो तर तुझ्या कानाखाली एक दिली असती. तिनं ती पन दिली न्हाई."

"तू पण तिकडचाच व्हय?"

"मी कुठला कुठं? मी विट्याचा."

आबांना आईने सगळं सांगितलं. जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाले, "म्हंजी तू पोरीसाठी खोटं बोललास, आन् पोरगीच खरं बोलली? अवघड झालं गड्या तुझं." आणि हसायला लागले. बाप आहे का कोण आहे. ताटावरनं उठलो. आई मागनं म्हणत होती, "आवं, जेवताना कशाला छळताय पोराला." पण ती पण पदराआड हसत होती, मी बघितलं.

आईची खोटी शपथ घेतली होती हे तिला सांगितलेलं नाही.

२८ एप्रिल

रोपांवर जाळी ओढायचं काम आईने माझ्याकडं दिलंय. हात आपोआप चालतात. डोक्यात एकच चालू असतं. तिला गप्प बसायचं होतं, बस्स. बोलायचं सुद्धा नव्हतं. नुसतं बसून राहिली असती तरी आज सगळं तिचं होतं. माणूस स्वतःचं घर स्वतः का पाडतो? मला खोटं पाडण्यात एवढं काय मिळालं?

का तिला माझे उपकारच नको होते?

२ मे, शुक्रवार

सकाळी आकाराम तात्यांचा फोन. "आरं ऋषी, तुझी मॅडम आलीया माळावर. त्या पुण्याच्या लोकांनी एक महिना आनिक दिलाय म्हनं. नव्या प्लेटा बसवल्या, आन् तीन दिस झालं त्याच्याम्होरं खुर्ची टाकून बसलीया. दिवसभर. छत्री दिली तर न्हाई म्हनती. चक्कर यील रं पोरीला. तू ये बाबा."

माझा काय संबंध, म्हटलं. फोन ठेवला. जेवलो. मग गाडी काढली. काळजीने नाही गेलो. जाब विचारायला गेलो. कराडपासून साताऱ्यापर्यंत काय काय बोलायचं ते पाठ करत होतो.

पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती, पण चटका तसाच. डोक्यावरनं ओढणी, मांडीवर मोजायचं यंत्र, नाकावरचं कातडं सोललेलं. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्या बाईसारखी दिसत होती. मला बघून दचकली नाही.

"किती आहे?" पाठ केलेलं सोडून मी हेच विचारलं.

"सत्तावीस. काल साडेसत्तावीस होतं."

"पडतंय म्हणजे."

"पडतंय."

"महिन्याभरात सांगलीसारखंच होणार. मग? सगळं बंद? पेढीवर बसणार?"

"बसेन की."

माझं डोकं फिरलं. "मी एक वाक्य बोललो होतो, मॅडम. तेवढं राहू दिलं असतं तर आज ही वेळ आली असती का? का केलंत तसं? मला खोटं पाडून काय मिळालं?"

तिने यंत्र बाजूला ठेवलं.

"ऋषिराज, लोक ही प्लेट घरावर लावणार. त्यांच्या घरावर जाळी ओढायला तू जाणार होतास का?"

"तुम्ही म्हणाला असता तर गेलो असतो."

हे मी खरं बोललो. ती हसली नाही.

"प्लेट पडली तर पडू दे. कशाने पडते ते मला बघायचंय. तू ते बघूच दिलं नाहीस." मग म्हणाली, "तुझा राग मला कळतो. पण मला त्याचं काही करता येणार नाही."

एवढंच. माफी नाही, काही नाही. तीन दिवस उन्हात बसायची तयारी आहे, माझ्यासाठी एक शब्द नाही. बाईचं काळीज कशाचं असतं मला समजत नाही.

जायला वळलो होतो. पण तिच्या ओठाला चीर पडून रक्त आलेलं दिसलं. सूर्य सरळ तिच्या तोंडावर होता. मी दोन पावलं पुढं गेलो आणि ऊन अडवून उभा राहिलो. बेइमान असली म्हणून काय झालं, करपू कशाला द्यायचं. तिने डोळे मिटले. क्षणभर कपाळावरची आठी गेली. एवढ्या जवळून मी तिला कधी बघितलं नव्हतं. वाटलं, आता म्हणेल. आता तरी काहीतरी म्हणेल.

तिने डोळे उघडले. माझ्याकडं नाही, स्टँडकडं बघितलं.

"सरक, ऋषिराज. तुझी सावली पडतेय प्लेटवर."

मी सरकलो. तिच्या तोंडावर परत ऊन आलं.